तुझं इंग्रजी कुठल्या गावचं?

मुलांनो, आज आधी एक गंमत करून पाहू. वहीच्या कागदाची बोटभर रुंदीची पट्टी कापा. ती ओठांसमोर अगदी जवळ लोंबती धरा आणि म्हणा, ‘पाणी’. पट्टी जेमतेम हलेल. आता ओठ मिटून ‘फ’चा नीट उच्चार करा आणि म्हणा, ‘फळी’. उडाली ना पट्टी? ‘प’ आणि ‘फ’मध्ये फरक आहे तो या फुंकरीचा.

आता इंग्रजी ‘पिन’ शब्द म्हणा. बहुतेक तुमची पट्टी गप्पच राहील. पण इंग्लंडमधला एखादा मुलगा ‘पिन’ म्हणेल, तेव्हा त्याची पट्टी उडेल! शब्दाच्या सुरुवातीच्या ‘प’ला तो नकळत फुंकर घालतो. ‘स्पिन’ म्हणताना मात्र घालत नाही. आहे की नाही गंमत?

मग चुकतं कोण? तो की आपण? या प्रश्नाचा मी कधी विचारच केला नव्हता. तो करायला लावला माझ्या वर्गातल्या एका मुलाने.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. दोन वर्षांपूर्वी आमच्या वर्गात एक नवा मुलगा आला. त्याचे वडील फरशी बसवण्याच्या कामासाठी उत्तर प्रदेशातून आलेले. पोरगा हुशार. दोन महिन्यांत मराठी बोलायला लागला, लगोरीत तर सगळ्यांना भारी पडायचा. एके दिवशी इंग्रजीच्या तासाला मी त्याला वाचायला उठवलं. त्याने मोठ्या आवाजात वाचलं, ‘‘आय गो टू इस्कूल.’’

वर्ग फिसकन हसला. मागच्या रांगेतून कुणीतरी ‘इस्कूल, इस्कूल’ असा ठेकाच धरला. मी ‘‘गप्प बसा रे!’’ म्हटलं. पण मुलांनो, तुमच्यापासून लपवत नाही, त्याआधी माझ्याही ओठांवर हसू आलं होतं. आणि ते त्याने पाहिलं होतं.

त्या दिवसापासून इंग्रजीच्या तासाला त्याचं तोंड बंद. वाचायला सांगितलं की ‘‘बाई, घसा दुखतोय.’’ रोजच कसा दुखेल घसा?

रात्री मला झोप येईना. कारण असा ‘दुखणारा घसा’ मला चांगला ठाऊक होता. मी मूळची सिंधुदुर्गातली. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. बारावीनंतर मी डी.एड.साठी मोठ्या शहरात गेले. तिथे इंग्रजीचा माझा पहिलाच सराव पाठ होता. मी दोन वाक्यं बोलले आणि मागे बसलेल्या दोघींनी माझा सूर हुबेहूब उचलून म्हणून दाखवला. ‘मालवणी इंग्लिश’ हे नाव मला तेव्हा चिकटलं ते चिकटलंच. पुढची दोन वर्षं मी इंग्रजी फळ्यावर भरपूर लिहिलं, पण बोलायची वेळ आली की टाळलं. ज्या मुलीने इतकं सोसलं, तीच आज बाई होऊन हसली होती!

सोमवारी मी पुस्तक उघडलंच नाही. म्हटलं, ‘‘आज मी माझं इंग्रजी कसं आहे ते सांगणार. मग तुम्ही तुमचं सांगायचं.’’

‘‘पहिली गोष्ट म्हणजे माझा ‘व्ह’. ‘व्हॅन’ म्हणताना इंग्रज माणूस वरचे दात खालच्या ओठावर टेकवतो आणि हवा घासत बाहेर सोडतो. मी मात्र ‘व’ला ‘ह’ जोडून मोकळी होते. तुम्हीही बहुतेक तसंच करता. आपण लिहितोसुद्धा तसंच!

‘‘दुसरी गोष्ट, माझा ‘ट’. ‘त’ म्हणताना जीभ दातांना लागते. ‘ट’ म्हणताना ती वर टाळूकडे वळते. इंग्रजांचा ‘टी’ या दोघांच्या मध्ये, वरच्या दातांमागच्या हिरडीवर राहतो. आपल्या मराठीत ते घर रिकामं आहे. म्हणून आपण शेजारच्या ‘ट’च्या घरात शिरतो.

‘‘आणि तिसरी गोष्ट म्हणजे वाक्य संपताना माझा सूर थोडा नाकातून लांबतो. तो माझ्या आजीचा. ‘खंय चललंस गो?’ असं ती विचारायची ना, तोच सूर.’’

मुलं कान टवकारून ऐकत होती. मग एकेक बोलायला लागलं. एका मुलीच्या घरी कन्नड बोलतात. ती म्हणाली, ‘‘आमच्याकडे ‘एग’ला ‘येग’ म्हणतात.’’ कुणीतरी हसणार, तेवढ्यात दुसरा म्हणाला, ‘‘माझी आजी ‘एक’ला ‘येक’ म्हणते की!’’ तिसऱ्याची आजी ‘स्टेशन’ला ‘ठेसन’ म्हणणारी निघाली. मी म्हटलं, ‘‘आणि आपली ‘बाटली’ कुठून आली? इंग्रजांच्या ‘बॉटल’वरूनच ना? कुणी तिला हसतं का?’’

मग मी ‘इस्कूल’चं सांगितलं. शब्दाच्या सुरुवातीला ‘स’ला दुसरं अक्षर जोडून आलं, की हिंदी बोलणाऱ्या कितीतरी लोकांची जीभ आधी ‘इ’ची एक पायरी घेते. स्पेनमधल्या लोकांचंही असंच. त्यांच्या भाषेत शाळेला म्हणतात ‘एस्कुएला’. त्यामुळे इंग्रजी बोलताना त्यांच्यातले पुष्कळ जण ‘एस्कूल’ म्हणून जातात.

‘‘म्हणजे स्पेनचे फुटबॉलवालेपण?’’ मागच्या रांगेतून प्रश्न आला. ठेका धरणारा तोच!

तेव्हा आमचा घसा दुखणारा मुलगा हळूच उभा राहिला. म्हणाला, ‘‘बाई, माझं इंग्रजी गोरखपूरचं आहे.’’ आणि लगेच खाली बसला. त्या दिवशी तो एवढंच बोलला. पण गुरुवारी त्याने धडा वाचला. ‘इस्कूल’ होताच. एकजण फिसकन हसला, तर शेजारच्या मुलीने त्याला कोपर मारलं.

ही हकीकत मी माझ्या मावसबहिणीला फोनवर सांगितली. ती इंग्लंडमध्ये मँचेस्टरला असते. ती म्हणाली, ‘‘अगं, इथे ‘बस’ला ‘बुस’ म्हणतात आणि ‘कप’ला ‘कुप’! पहिले पंधरा दिवस मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.’’ खरंच आहे. उत्तर इंग्लंडचा माणूस लंडनमध्ये तोंड उघडताच ओळखू येतो. लंडनमध्ये ‘कार’मधला ‘र’ गुडूप होतो, तर स्कॉटलंडमध्ये तो चांगला खणखणतो. अमेरिकेत ‘वॉटर’चं ‘वॉडर’ होतं. म्हणजे ज्यांची ही भाषा, त्यांच्याही बोलण्याला गावाचा हेल आहेच.

आणि तिथेही बोलण्यावरून माणसाला हलकं लेखत असत बरं का! जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचं ‘पिग्मॅलियन’ हे 1913 साली रंगमंचावर आलेलं नाटक त्यावरच आहे. पु. ल. देशपांडे यांनी त्यावरून ‘ती फुलराणी’ लिहिलं. आई-बाबांना विचारा, ते सांगतील.

‘‘मग बाई, उच्चार सुधारायचेच नाहीत का?’’ असं तुम्ही विचाराल. सुधारायचे तर! ‘स्नॅक’ म्हणजे खाऊ आणि ‘स्नेक’ म्हणजे साप. तिथे गोंधळ झाला तर पंचाईत! ‘कम्फर्टेबल’मध्ये ‘टेबल’ नसतं. ‘फोटोग्राफ’ म्हणताना जोर पहिल्या ‘फो’वर असतो, ‘फोटोग्राफर’ म्हणताना तो ‘टो’वर सरकतो. जिथे ऐकणाऱ्याला कळत नाही किंवा भलतंच कळतं, तिथे जरूर मेहनत घ्या. मीही अजून घेते. पण सगळं नीट कळत असेल आणि बोलण्याला फक्त गावचा हेल असेल, तर त्यात लाजण्यासारखं काय आहे?

पालकहो, एक विनंती तुम्हालाही. मूल इंग्रजी बोलू लागलं की पहिल्याच वाक्याला त्याला अडवू नका. आधी ते काय म्हणतंय ते ऐका. उच्चाराचं नंतर, एकांतात सांगा.

वार्षिक परीक्षेनंतर त्या मुलाच्या वडिलांचं आमच्याकडचं काम संपलं आणि ते सगळे दुसऱ्या गावी गेले. जाताना तो पट्टीचा खेळ शिकून गेला. आता तो कुठल्या वर्गात, कुणासमोर वाचत असेल, कोण जाणे!

कदाचित तुमच्याच वर्गात आला असेल. नसेल, तरी त्याच्यासारखा कुणीतरी असेलच. तो वाचायला उभा राहिला, तर तुम्ही काय कराल?

मला वाटतं, मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ जा आणि विचारा, ‘‘तुझं इंग्रजी कुठल्या गावचं?’’ मग तुमचं कुठलं, तेही त्याला सांगा.