लंडनातला लाल ‘एल’

पुण्यात वीस वर्षे मोटार हाकलेल्या मास्तराने लंडनात गाडीला लाल ‘एल’ची पाटी लावावी, ही गंमत पाहायलाच हवी! भारतीय परवाना इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालतो. मग पुन्हा श्रीगणेशा. प्रश्नोत्तरांत ५० पैकी ४३ उत्तरे बरोबर हवीत. नंतर रस्त्यावर सुमारे ४० मिनिटांची कसोटी. गाडी डावीकडूनच, आपल्यासारखी. पण झेब्रापट्ट्यांवर पाऊल ठेवणारी आजीबाई म्हणजे इथली महाराणी!

उत्तीर्ण झालो आणि महिन्याभरातच पोलिसाने थांबवले. परवाना घरी! मनात धस्स झाले. तो शांतपणे म्हणाला, “सर, ७ दिवसांत ठाण्यावर आणून दाखवा.” कायदाच तसा आहे. परक्याच्या शब्दाला आठवड्याची पत! त्या दिवशी हे गाव मला थोडे आपले वाटले.