जुन्या मोटारीचें जतन

जुनी वस्तु घरांत ठेवावी कीं काढून टाकावी, हा प्रश्न मोठ्या कुटुंबांत वरचेवर निघतो. पाटा-वरवंटा, लंबकाचें घड्याळ, तांब्याचा बंब यांचा निकाल सहसा माजघरांतच लागतो. मोटारीचें तसें नाहीं. ती जागा अडविते, पैसा मागते, सरकारदरबारीं तिची नोंद असते, आणि अवेळीं बंद पडली तर आंतील माणसांचा जीव टांगणीला लागतो. आमच्या सिरसाळ्याच्या घरीं १९८८ सालची एक मारुति ८०० आहे. आमच्या वडिलांनीं, म्हणजे आबांनीं, ती वापरलेली अशीच विकत घेतली. त्या दिवसांत रात्रीं घरांत कोणी आजारी पडलें तर अंबेजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयापर्यंत न्यावयास वाहन शोधीत फिरावें लागे. तेव्हां ही मोटार घरीं आली ती गरजेनें. हौस मागाहून आली.

२०२३ सालीं तिच्याविषयीं घरांत तीन मतें झालीं. खाजगी मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षें चालते. पुढें दर पांच वर्षांनीं मोटार तपासून घेऊन ती नवी करावी लागते. ती मुदत भरत आली होती. वडील बंधु म्हणाले, "आतां पुरे झालें. चार पैसे येतात तोंवर विकून टाकूं." आई म्हणाली, "आबांची गाडी आहे. चालते आहे तोंवर चालूं द्या." तिसरें मत पुतण्याचें. तो संभाजीनगरास अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन नुकताच घरीं आला होता. तो म्हणाला, "विकायची नाहीं आणि अशीहि ठेवायची नाहीं. काका, हिची आपण वर्क्स करूं!"

हें 'वर्क्स' प्रकरण वाचकांस थोडें समजावून सांगितलें पाहिजे. मारुति उद्योगानें १९८२ सालीं जपानच्या सुझुकी कंपनीशीं करार केला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजीं पहिली मोटार गिऱ्हाइकाच्या हातीं दिली. १९८६ सालीं आलेल्या नव्या ८०० ची घडण सुझुकीच्या आल्टो नांवाच्या मोटारीवरून घेतलेली होती. फेब्रुवारी १९८७ मध्यें सुझुकीनें जपानांत त्याच पिढीच्या आल्टोपासून 'आल्टो वर्क्स' नांवाची एक चिमुकली शर्यती मोटार काढली. तिचें इंजिन अवघें ५४३ घनसेंटीमीटरचें. कारण तिकडील सवलतीच्या छोट्या मोटारींना त्या वेळीं ५५० ची मर्यादा होती. पण त्याला टर्बो जोडलेला होता. बाहेर जाणाऱ्या धुराच्या झोतानें एक चक्र फिरतें आणि तें इंजिनांत जास्त हवा कोंबतें, एवढीच टर्बोची युक्ति. तेवढ्यावर तें इंजिन ६४ अश्वशक्ति देई. आमचें इंजिन ७९६ घनसेंटीमीटरचें, आणि शक्ति चाळिसाच्या आंत!

"इंजिन आपलें मोठें आणि जोर त्यांचा, हा काय न्याय झाला काका?" असें त्यानें विचारलें, तेव्हां मला हंसू आलें, पण त्याचें बोलणें मीं हंसण्यावारीं नेलें नाहीं. आपल्या अंगणांतल्या वस्तूचें कूळ शोधण्याची बुद्धि मुलाला झाली, ही चांगलीच गोष्ट होती. मीं एकच अट घातली. "एक उन्हाळा तूं हिची नुसती देखभाल कर. सुट्टी संपतांना काय बदलायचें तें तूंच सांग."

दुसऱ्या दिवसापासून अंगणांतील लिंबाखालीं काम सुरू झालें. आईनें अडगळींतला मिसळणाचा डबा काढून दिला. त्याच्या वाट्यांत कोणता स्क्रू कोठला तें चिठ्ठी घालून ठेवावें, असा नियम केला. बॅटरीच्या टोकांवर चढलेला पांढरा थर खाण्याचा सोडा आणि कोमट पाणी यांनीं निघाला. कार्बुरेटर उघडला, तेव्हां जेटच्या भोंकांत तार घालूं नये, हवेनेंच तीं मोकळीं करावीं, हें मीं त्यास सांगितलें; कारण तें भोंक मापाचें असतें, आणि केसाएवढें वाढलें तरी पेट्रोलचें प्रमाण चुकतें.

मग त्यानें तिन्ही सिलिंडरांतील दाब मोजला. दोहोंत तो बरा निघाला, तिसऱ्यांत बराच कमी. त्या सिलिंडरांत चमचाभर ऑइल टाकून पुन्हां मोजलें. अशा वेळीं दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या असें समजावें. न वाढला तर बहुधा दोष झडपेकडे असतो. दाब वाढला नाहीं. टॅपेटची फट तपासली तों ती इतकी घट्ट कीं झडप पुरती मिटतच नव्हती. ही फट इंजिन थंड असतांना पातळ पोलादी पट्टीनें जुळवितात. पट्टी सरकावी, पण किंचित् अडून सरकावी. पुतण्याच्या हाताला तें कांहीं केल्या साधेना. वहिनींनीं वीस वर्षें शिलाईयंत्र चालविलेलें. त्या पदराला हात पुसून पुढें आल्या, आणि त्यांच्या बोटांना तें अडणें बरोबर कळलें. त्या संध्याकाळीं मोटार परळीच्या रस्त्यानें नेली, तेव्हां चढावर ती पूर्वीसारखी कुंथली नाहीं. पुतण्या म्हणाला, "काका, हिचा स्वतःचाच जोर निजला होता."

टर्बोचा विचार त्यानें आपण होऊनच सोडला. ज्या इंजिनांत जास्त हवा कोंबावयाची त्याचे पिस्टन त्याच तोलाचे लागतात, दाबाचें प्रमाण बेताचें ठेवावें लागतें. आणि वेग वाढला कीं ब्रेकहि त्या बेताचे हवेत. शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखालीं, कारखान्यानें ठरविलेली मूळ घडण मालकास मनाप्रमाणें बदलतां येत नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें सांगितलें आहे. घरचीं माणसें ज्या मोटारींत बसतात तिच्या बाबतींत हा नियम जाचक म्हणतां येणार नाहीं.

तरीहि त्यानें दोन-तीन गोष्टी बदलल्याच. जुन्या मोटारीच्या दिव्यांची वीज लांबलचक बारीक तारांतून आणि बटनांतून फिरून येते व वाटेंत क्षीण होते. त्यानें बॅटरीजवळ रिले बसवून, मध्यें फ्यूज घालून, जाड तारेनें ती सरळ दिव्यांस दिली. पेट्रोलांत आतां वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. जुन्या घडणीचें रबर त्यानें फुगतें व चिरतें. म्हणून इंधनाच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या. यांतलें बरेंच इथेनॉल उसापासून होतें, आणि तो ऊस तोडावयास आमच्याच बीड जिल्ह्यांतून हजारों कुटुंबें दर वर्षीं घर सोडून जातात. त्या श्रमाचा धागा असा मोटारीपर्यंत येऊन पोंचतो. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून पेटींत ठेवला आहे.

जपानांतहि मूळ घडणीची ही किंमत ओळखली गेली आहे. माझ्दा कंपनीनें १९८९ सालच्या आपल्या दोन आसनी उघड्या मोटारी पूर्ववत् करून देण्याचें काम २०१७ सालीं जाहीर केलें, आणि त्यासाठीं जुन्या पद्धतीचें कापडी छत व टायरसुद्धां पुन्हां घडविले. आमच्या ८०० चें उत्पादन जानेवारी २०१४ मध्यें थांबलें. पण ती लाखोंनीं खपली असल्यामुळें सुटे भाग अजून मिळतात.

नोंदणी नवी झाली. डिसेंबर २०२४ मध्यें एका रात्रीं आईला धाप लागली. बंधु स्वतः मोटार घेऊन निघाले. गाळपाचे दिवस, वाटेंत उसानें भरलेली एक ट्रॉली, मागें दिवा नाहीं, अशी उभी होती. ती त्यांना लांबूनच दिसली. आई चार दिवसांनीं सुखरूप घरीं आली. विकण्याची गोष्ट बंधूंनीं त्यानंतर काढलेली नाहीं.

पुतण्या शिक्षणासाठीं दूर आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारीं वहिनी आणि मी झांकण उघडून ऑइल, पाणी आणि पट्टे पाहतों, आणि तो फोनवरून आधीं आजीची व मग मोटारीची प्रकृति विचारतो. ज्यांच्या घरीं अशी जुनी मोटार असेल, त्यांनीं ती विकण्यापूर्वीं किंवा बदलण्यापूर्वीं घरच्या एखाद्या मुलाच्या हातीं पान्हा देऊन एक उन्हाळा तिची सेवा करूं द्यावी. काय ठेवावें आणि काय बदलावें, हें मग तोच नीट सांगेल.