नाइलाजाचे मित्र

विज्ञानकथेतील परग्रहवासी हा मानवाच्या आत्मप्रतिमेचा आरसा असतो, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. या मांडणीच्या अपुरेपणाची जाणीव मला एका युद्धखेळाच्या नियमपुस्तकाने करून दिली. ‘वॉरहॅमर ४०,०००’ (१९८७) या खेळाच्या कथाविश्वात मानवी साम्राज्य परग्रहवासीयांचा द्वेष हे धर्मकर्तव्य मानते. तरीही समान शत्रू उभा ठाकला की एल्डार वा टाऊ यांच्याशी तात्पुरते सख्य जुळते. २०१२ च्या सहाव्या आवृत्तीत सख्याच्या पायऱ्याच ठरवून दिल्या होत्या. त्यांतील ‘नाइलाजाचे मित्र’ परस्परांपासून ६ इंचांच्या आत आले, की फासा टाकावा लागे; १ पडल्यास ती तुकडी मित्रावर नजर ठेवण्यातच आपली खेळी गमावी. कथा सख्य सांगते, नियम त्याची किंमत सांगतो. अविश्वास येथे पात्राच्या स्वभावातून काढून घेऊन संरचनेत ठेवला आहे.

विरुद्ध संप्रदायाच्या एका समीक्षकमित्रासह मी पूर्वी एक ग्रंथ संपादित केला होता. प्रस्तावनेत आम्ही ‘संवाद’ हा शब्द मुक्तहस्ते वापरला; प्रत्यक्षात एकमेकांची टिपणे संशयाने तपासण्यातच महिने गेले. त्याचा दोष मी आजवर त्याच्या स्वभावाला देत आलो. आता तसे म्हणवत नाही.