कडब्याचे रान

दशलक्षण पर्वात गोशाळेस देणगी देण्याची आमच्या घराण्याची तीन पिढ्यांची रीत आहे. यंदा पावती फाडताना तेथील वृद्ध व्यवस्थापक म्हणाले, "शेठजी, पैसे आपण द्याल, पण कडबा कोठून आणू?" प्रश्न साधा होता; मला मात्र तो झोंबला. ज्या रानातून त्या गोशाळेस दरसाल कडब्याच्या गाड्या जात, ते अक्कलकोट रस्त्यावरचे आमचे रान मीच चार वर्षांपूर्वी अकृषिक करून, भूखंड पाडून विकले होते.

काळी, भारी माती. रब्बीत मालदांडी पेरली की पुरुषभर उंचीची ताटे उभी राहत. कणीस माणसाचे, ताट जनावराचे. आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्राने याच मालदांडीतून '३५-१' हे वाण निवडले. वाटेकऱ्याकडे खिलार बैलांची जोडी होती. गड्ड्याच्या यात्रेतील बाजारातून ती घेण्यास आजोबांनीच उचल दिली होती. लांब, मागे वळलेली शिंगे, आणि भर उन्हात न थकणारी चाल! खिलार गाय मात्र वासरापुरतेच दूध देते, आणि सरकारी धोरणाने गाय जोखली ती दुधावरच.

उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली 'बायफ' स्थापिली. १९७० पासून 'दुधाचा महापूर' योजना आली. होल्स्टीन व जर्सी वळूंच्या वीर्याने गावोगावी संकर झाला. त्यास सरसकट दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल, कारण अनेक अल्पभूधारकांची चूल त्या दुधावर पेटली. पण संकरित गोऱ्ह्याचे काय? त्याला वशिंड नाही, ऊन सोसत नाही, आणि औताची जागा ट्रॅक्टरने घेतलेली. २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदी बैलांनाही लागू झाली. आपण व्यापाऱ्यांनी तिचे मनःपूर्वक स्वागत केले, मीही केले. त्या गोऱ्ह्याला चारा कोण घालणार, हे मात्र मी विचारले नाही.

३० सप्टेंबर २०२४ रोजी शासनाने देशी गायीस 'राज्यमाता-गोमाता' म्हणून घोषित केले. गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन ५० रुपयांचे अनुदानही ठरविले. दुसरीकडे विकास आराखड्यात निवासी दाखविलेल्या जमिनीस आता स्वतंत्र अकृषिक परवानगीही लागत नाही. वळूचे वीर्य परदेशातून आणता येते. कडब्याचे रान कोठून आणणार? अर्थात शासनाकडे बोट दाखविताना माझ्या हाती विक्रीचे खरेदीखत आहे, हे मी विसरू शकत नाही.

सातबाऱ्यावर आमच्या नावे आता अडीच एकर उरले आहे. एका विकसकाची विचारणा आली असून चिरंजीव रोज तो आकडा ऐकवितात. आकडा मोठा आहे. मी वाटेकऱ्यास निरोप धाडला आहे, की हस्ताचा पाऊस झाला की मालदांडी पेरावी. पेरणी ट्रॅक्टरनेच होईल. त्याच्या दावणीला आता खिलार जोडी नाही. पण कडबा गोशाळेत जाईल. व्यवस्थापकांना तसे कळविले, तेव्हा त्यांनी विचारले, "किती पेंढ्या?"