कौतुकातला रंग

मराठीतून धावतं समालोचन करताना माझी खरी कसोटी लागते ती चेंडू पडल्यानंतरच्या दोन-चार सेकंदांत. विचाराला सवड नसते. जिभेवर येतं ते वर्षानुवर्षं ऐकलेलं विशेषण. गोलंदाज कॅरेबियन असला की ‘उपजत ताकद’, गोरा असला की ‘चतुर’, ‘अभ्यासू’. यात शिवी कुठेच नाही, सगळं कौतुकच. पण एकाच्या वाट्याला शरीर येतं आणि दुसऱ्याच्या वाट्याला डोकं.

२०२० मध्ये युरोपातल्या चार फुटबॉल लीगमधल्या ८० सामन्यांची इंग्रजी कॉमेंट्री तपासली गेली. बुद्धीच्या कौतुकातला ६२.६ टक्के वाटा उजळ वर्णाच्या खेळाडूंना मिळाला होता. ताकदीची गोष्ट निघाली की मात्र काळे खेळाडूच पुढे.

यावर माझा उपाय साधा आहे: आधी कृती सांगायची. १९७६ साली ओव्हलच्या निर्जीव खेळपट्टीवर वेस्ट इंडीजच्या मायकेल होल्डिंगनं १४९ धावांत १४ बळी घेतले. नुसता ‘तुफानी वेग’ म्हटलं तर निम्मी गोष्ट हरवते. खेळपट्टी उसळी देत नाही म्हणून त्यानं चेंडू पुढे, थेट यष्टींच्या रोखानं टाकले. बहुतेक फलंदाज त्रिफळाचित किंवा पायचीत झाले. टप्पा आणि रोख सांगितला की गोलंदाजाचं डोकं ऐकणाऱ्याला आपोआप दिसतं.

हाच होल्डिंग पुढे समालोचक झाला आणि जुलै २०२० मध्ये साउदॅम्प्टनला, पावसानं खेळ अडला असताना, वर्णद्वेषाची मुळं शिक्षणात कशी रुजली आहेत ते बोलला. सोबत इंग्लंडची माजी खेळाडू आणि समालोचक इबोनी रेनफोर्ड-ब्रेंट होती. प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीनं त्यांना पुरेसा वेळ दिला. अशा वेळी सहकाऱ्यानं विषय न बदलता ऐकून घेणं, हेही समालोचनाचंच काम.

प्रेक्षकांतल्या वर्णद्वेषाबद्दलही असंच सरळ बोलायला हवं. जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत भारताच्या मोहम्मद सिराजनं प्रेक्षकांच्या शेरेबाजीची तक्रार केली, कर्णधार रहाणे त्याच्यासोबत पंचांशी बोलला, खेळ थांबला. तेव्हा आपण सगळेच संतापलो आणि ते योग्यच होतं. पण ऑक्टोबर २००७ मध्ये आपल्याच वानखेडेवर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सला माकडचाळे करून हिणवलं गेलं, तेही तितक्याच स्पष्ट शब्दांत सांगायला हवं. माइक हाती घेणाऱ्या नव्या मुलामुलींना माझी कळकळीची विनंती आहे: प्रेक्षक आपले असोत वा परके, घडलं ते जसंच्या तसं सांगा, आणि खेळाडूचं कौतुक कराल तेव्हा त्याच्या बुद्धीचं श्रेय त्याला द्या.