माग थांबला, म्हणून धागा तुटला?

बारावीच्या गणिताचं पहिलंच प्रकरण तर्कशास्त्राचं आहे. त्यातलं ‘जर-तर’ विधानाचं चार ओळींचं सत्यता-कोष्टक मुलं चटकन पाठ करतात, परीक्षेत त्याचे गुणही मिळवतात. पण कोष्टकाबाहेरचं साधं विधान समोर आलं की त्यांतली पुष्कळशी ते उलटं वाचतात. म्हणून भिवंडीत शिकवताना मी यंत्रमागापासून सुरुवात करतो. इथल्या मुलांना माग सांगावा लागत नाही, आणि मागाच्या बांधणीतच एक जर-तर आहे.

धोटा बाण्याचा धागा घेऊन या कडेकडून त्या कडेला जातो. साध्या मागावर कापडाच्या कडेजवळ एक छोटा काटा असतो. ताणलेला बाणा त्या काट्याला रेटून कलता करतो, त्यामुळे काट्याची शेपटी आकड्यात सापडत नाही आणि माग चालत राहतो. बाणा तुटला की काट्याला रेटणारं काही उरत नाही; शेपटी आकड्यात अडकते, हँडल सुटतं, माग थांबतो. विधान झालं: ‘बाणा तुटला, तर माग थांबतो.’ पहिला भाग पूर्वांग, दुसरा उत्तरांग.

आता माग थांबलेला दिसतोय. बाणा तुटला असं म्हणावं का? नाही. वीज गेली असेल, पट्टा निसटला असेल, कामगाराने स्वतःच थांबवला असेल. बाणा शाबूत आहे म्हणजे माग थांबणार नाही, हा निष्कर्षही तितकाच कच्चा. मात्र विधान खरं असेल आणि माग चालू असेल, तर बाणा तुटलेला नाही, हे पक्कं.

गणितात हीच वाट फार उपयोगी पडते. एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग सम असेल तर ती संख्याही सम असते, हे सरळ दाखवायला गेलं की अडखळायला होतं. मागून यावं: संख्या विषम असेल तर विषम गुणिले विषम विषमच येणार, म्हणजे वर्गही विषम. सिद्धता संपली. 2 चं वर्गमूळ अपरिमेय आहे, ही प्रसिद्ध सिद्धता याच पायरीवर उभी आहे.

मुलांचा खरा आक्षेप कोष्टकाच्या शेवटच्या दोन ओळींना असतो. पूर्वांगच खोटं, तर विधान खरं कसं? मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. बाणा तुटलाच नाही, तर माग चालो की थांबो, आपलं विधान मोडत नाही. ते मोडायला एकच प्रसंग लागतो: बाणा तुटलाय आणि माग चालूच आहे. जे मोडलेलं नाही त्याला गणितात खरं मानतात.

जर-तर उलटं वाचण्याची चूक फक्त मुलांची नाही. इंग्लंडमधले मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी 1966 मध्ये चार पत्त्यांचं कोडं मांडलं. एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम: स्वराच्या मागे सम अंक असतो. समोर एक स्वर, एक व्यंजन, एक सम आणि एक विषम अंक. नियम तपासायला कोणते पत्ते उलटाल? पुष्कळांनी स्वर आणि सम अंक निवडला. हवे होते स्वर आणि विषम अंक, कारण नियम तिथेच मोडू शकतो. 1982 मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी तेच कोडं बिअर पिण्याच्या वयाच्या नियमात घातलं, तेव्हा बहुतेक विद्यार्थ्यांना ते सुटलं. ओळखीच्या नियमात माणूस नियम मोडणारा बरोबर शोधतो.

जर-तर उलटवता येत नाही, हे आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, फार आधी जोखलं होतं. जिथे धूर तिथे अग्नी, पण जिथे अग्नी तिथे धूर असेलच असं नाही. तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा त्यांनी पुढे केला. धुरासाठी ओलं सरपणही लागतं, ही अट त्यांनी वेगळी काढून दाखवली. अकरावी-बारावीच्या वर्गात हे उदाहरण क्वचितच निघतं, याचं मला वाईट वाटतं.

गणित शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे: कोष्टक फळ्यावर लिहिण्याआधी मुलांना ‘हे विधान खोटं कधी ठरेल?’ एवढंच विचारा, आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या.