बाळ झोपलं की

पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांत 1970 च्या आसपास आम्ही जे जे कुणी रांगत होतो, त्या सगळ्यांच्या आयांचं एक वाक्य ठरलेलं होतं: बाळ झोपलं की. माहेरच्या पत्राला उत्तर? बाळ झोपलं की. उशीच्या अभ्र्यावर गळ्यापर्यंत येऊन अडलेला मोर? बाळ झोपलं की. आणि ही बाळं, म्हणजे आम्ही, झोपेच्या बाबतीत अगदी बेभरवशाची. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला अडकवायची, हात भरतकामाला मोकळे ठेवायचे, आणि अंगाई म्हणता म्हणता आपल्यालाच पेंग येऊ द्यायची नाही. दुपारचे दोन तास असे मिळाले तर मिळाले.

म्हणून काम निवडतानाच असं निवडायचं, की हाक आली तर लगेच खाली ठेवता यावं. विणकामाचा मान पहिला. तुळशीबागेतून आणलेली लोकर, दहा नंबरच्या सुया, दोन सुलट दोन उलटची बॉर्डर. ओळ अर्ध्यात सोडली की टाके गळायची धास्ती, म्हणून रडणाऱ्या बाळाला ‘आले रे राजा, एवढी ओळ होऊ दे’ असं सांगितलं जाई. राजाला ओळ म्हणजे काय ते कळत नसे, पण कधी कधी तो थांबे.

स्वेटर पुरा होईपर्यंत आमचं अंगच वाढलेलं असायचं. मग तो धाकट्याला. धाकट्याला तोकडा झाला की उसवायचा. उसवलेली लोकर कुरळी निघायची; तिच्या लड्या करून, धुऊन दोरीवर टाकल्या की सरळ व्हायची. पुढे लडीचा गुंडा करायला दुसरं माणूस लागे, आणि ते माणूस आम्ही. दोन्ही हात पुढे ताठ, मनगटांवर लडी. ‘हात खाली नको.’ ‘नाक मग खाजव.’ चार वर्षांचं पोर अर्धा तास एका जागी बसवण्याची याहून चांगली युक्ती आम्हाला तरी आमच्या मुलांसाठी सापडली नाही.

गोधडी मात्र एकटीचं काम नव्हे. पुरुषमंडळी कचेरीत गेली, की ओसरीवर आजीची जुनी नऊवारी अंथरायची, तिच्यावर विटलेली पातळं, चादरीचे धडके तुकडे, आणि चार बाजूंना चौघी जणी धावदोरा घालत कडेकडून आत सरकायच्या. आम्ही मधोमध लोळायचो. वहिनींची सुई, काकूंचा दोरा, कुणाच्या मांडीवर कुणाचं मूल, याचा हिशेब नसे. हिशेब होता तो सुयांचा. उठताना मोजून घ्यायच्या, कारण रांगती बाळं काहीही तोंडात घालतात. एक जरी कमी भरली तरी चहा नाही. आधी सुई सापडली पाहिजे. दोऱ्यासकट सुया भिंतीवरच्या कॅलेंडरच्या वरच्या पट्टीत टोचलेल्या असायच्या, तिथवर आमचा हात पोचत नसे.

पण खरी कसोटी संक्रांतीची. ज्या घरात पहिलं मूल, त्या घरात बोरन्हाण. आणि बोरन्हाण म्हटलं की हलव्याचे दागिने. विकतचे मिळत, पण ते आणायचे म्हणजे कमीपणा. हलवा करणं दिवसा अशक्यच. विस्तव, उकळता पाक आणि दुडदुडणारं मूल एका खोलीत नको. तेव्हा रात्री सगळी निजानीज झाली, की शेगडीतल्या निखाऱ्यांवर राख पसरायची, वर परात, परातीत मूठभर भाजलेले तीळ. साखरेच्या पाकात दूध घालून मळी काढलेली. तो पाक चमचाभर सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी तीळ फिरवत राहायचं. सुकले की पुन्हा चमचाभर. घाई केली तर तिळांचा गोळा होतो, आच वाढली तर हलवा पिवळा पडतो. बोटं पोळायची, म्हणून शेजारी ओलं फडकं. पहिल्या रात्री तिळावर नुसता पांढरा लेप दिसे. तिसऱ्या-चौथ्या रात्री, थंडी चांगली असेल तर, काटा धरू लागे. काटा आला की आई कुणाला तरी उठवून दाखवायचीच. बहुधा बाबांना. ते ‘छान’ म्हणून कूस बदलायचे.

मग त्या दाण्यांचे हार, बाजूबंद, मुकुट. काळं झबलं घालून आम्हाला पाटावर बसवायचे, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे, आणि आम्ही पहिलं काय करायचो, तर बाजूबंद चाखून बघायचो. चार रात्रींचं काम पाच मिनिटांत फस्त.

हे सगळं आठवताना गोड वाटतं खरं, पण त्या बायका झोपायच्या कधी, हे आम्ही कुणी विचारलं नाही. पहाटे नळाला पाणी यायचं, त्याआधी उठावंच लागे. ‘मला जरा विणायचंय, मुलाला घ्या’ असं नवऱ्याला म्हणायची रीत नव्हती. मुलाला घ्यायची ती आजी, नाहीतर शेजारच्या काकू. वाड्याचं काय राहिलं असेल ते राहो, ही तेवढी सोय गेली त्याचं वाईट वाटतं.

ज्यांना लोकर, परात यातलं काहीच लागलं नाही, त्यांत बहिणाबाई चौधरी. जळगावकडची शेतकरीण, लिहिता-वाचता न येणारी, ऐन तिशीत वैधव्य, पदरात मुलं. तिनं जातं आणि शेत सांभाळता सांभाळता गाणी रचली. ती मुलानं आणि त्याच्या मावसभावानं टिपून घेतली, म्हणून 1952 मध्ये, ती गेल्यानंतर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. मूल रडलं म्हणून ओवीचा टाका गळत नाही, एवढं तिला बरं पडलं असेल. आमच्या आयांचे अभ्रे मात्र कुणी टिपून ठेवले नाहीत.

तुमच्याही माळ्यावरच्या ट्रंकेत काही निघेल: कुंची, लोकरीचे मोजे, अर्धा मोर. ज्यांनी केलं त्या आहेत तोवर विचारून घ्या, हे कुणाच्या वेळचं, टाका कोणता, मोर का राहिला. कागदावर लिहा आणि कागद त्याच घडीत ठेवा. जाता जाता डांबरगोळ्याही बदला.